‘टेन्शन’ हा शब्द डॉक्टरांनी ऐकला तेव्हा

ठाकूरद्वारच्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी तासभर बसा. डोकं धरलंय, कंबर दुखते, झोप नाही, टेन्शन आहे, हेच कानावर पडेल. ‘मला नैराश्य आलंय’ म्हणणारं क्वचितच भेटेल. माणूस गोळी घेऊन चाळीत परततो, दुखणं तसंच राहतं.

ही गाठ सोडवायचा एक प्रयत्न शेजारच्या गोव्यात झालाय. मुंबईत शिकून डॉक्टर झालेले विक्रम पटेल यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसोबत तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. पुढे नैराश्य असलेल्या ३५ बायकांना संशोधकांनी सविस्तर बोलतं केलं. हो-नाहीच्या खुणा नाहीत. बाईनं आपल्या शब्दांत सांगायचं, ते टिपून त्यातला अर्थ शोधायचा. यालाच गुणात्मक संशोधन म्हणतात. २००७ साली ते छापून आलं. बायका अंगदुखी, झोप, टेन्शन यांबद्दल बोलल्या. कारणं सांगितली ती पैशाची चणचण आणि घरातले, विशेषतः नवऱ्याशी असलेले ताण. हा एक ‘आजार’ आहे, असं क्वचितच कुणाला वाटत होतं.

म्हणजे दारावर ‘मनोरुग्ण विभाग’ अशी पाटी लावली, तर या बायका आत येतील का?

त्यानंतरच्या ‘मानस’ प्रयोगात हा शिक्काच टाळला. २४ दवाखाने निवडले, १२ सरकारी, १२ खासगी. त्यातल्या निम्म्या ठिकाणी दोन महिने प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक पदवीधर मुली समुपदेशक म्हणून बसल्या. गरज पडली तर डॉक्टरांची औषधं होतीच. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी १०० पैकी सुमारे ६६ रुग्ण बरे झाले, नेहमीच्या पद्धतीत ४२-४३. खासगीत मात्र असा फरक दिसला नाही.

फरक पडला तो जिथे गरीब माणूस जातो तिथे, हे महत्त्वाचं. म्हणून मागणी साधी आहे. पालिकेच्या आपल्या दवाखान्यांत औषधाच्या खिडकीशेजारी एक खुर्ची ऐकणाऱ्या माणसासाठीही हवी. नगरसेवक मत मागायला चाळीत आले की गटार-पाण्यासोबत हेही विचारा.

तोवर १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही. गोव्याच्या प्रयोगाशी तिचं फक्त नाव जुळतं. शेजारच्या काकू ‘टेन्शन आहे गं’ म्हणाल्या, तर ‘होईल सगळं नीट’ म्हणून विषय बदलू नका. आधी ऐका.