विद्यार्थी-लेखनाचे अध्यापन व शिक्षकांचा व्यावसायिक विकास (वसई-विरार परिसर)

मुलांना आपल्या मनातले कागदावर मांडता यावे, यासाठी शिक्षकाला लागणारे ज्ञान, सराव आणि सहकाऱ्यांची सोबत नोकरीच्या काळात मिळवून देणारी व्यवस्था. सुलेखन, अनुलेखन आणि श्रुतलेखन शिकवणे एवढाच तिचा अर्थ अनेक वर्षे धरला गेला. ही कौशल्ये लागतातच. पण काय लिहायचे, कोणासाठी लिहायचे, लिहिलेले पुन्हा वाचून कसे बदलायचे हे त्यांतून शिकवले जात नाही. वसई-विरार आणि एकूणच पालघर जिल्हा या विषयात लक्षात घ्यावा असा आहे. लहान मुलांच्या शिक्षकांना घडवण्याची जुनी परंपरा या जिल्ह्यात आहे आणि मराठी मुले लिहायला कशी शिकतात याचा मोजक्या दीर्घ अभ्यासांपैकी एक येथेच झाला.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे तिच्यात आली. मराठी प्राथमिक शाळा मात्र त्यानंतरही दीर्घकाळ जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. किनाऱ्यावरच्या गावांत सामवेदी (कादोडी), वाडवळी आणि कोळी बोली, पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात वारली, मल्हार कोळी व कातकरी वस्त्या, तर नालासोपारा-विरारच्या चाळींत हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलणारी कुटुंबे. एकाच तालुक्यातल्या दोन वर्गांतली ‘मराठी’ इतकी वेगळी असू शकते की प्रशिक्षणाचा एकच साचा दोन्हीकडे चालत नाही.

सरकारी प्रशिक्षणाची उतरंड राज्यभर सारखीच आहे : पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था (बोलीभाषेत ‘डाएट’), तालुक्याचे गट साधन केंद्र आणि शेवटी केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने आणि २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत वाचन, लेखन व गणितावर भर दिला. २०२० पासून ‘दीक्षा’ या मंचावरून ‘निष्ठा’ शिक्षक-प्रशिक्षणाचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे सांगते. या साऱ्यात वाचनाला आणि गणिताला जेवढी जागा मिळते तेवढी लेखनाला मिळत नाही. मुलाने उतारा वाचला की नाही हे दोन मिनिटांत तपासता येते. त्याने लिहिलेल्या चार ओळींचे मोल ठरवायला शिक्षकाला थांबावे लागते.

जिल्ह्याची जुनी परंपरा डहाणू तालुक्यातली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी तेथे आयुष्य वेचले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यायची, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा आली. बालशिक्षिकांना तयार करणे हा कोसबाडच्या कामाचा गाभा होता आणि प्रत्यक्ष मुलांसमोर बसून, परिसरातल्या वस्तू व गाणी हाताशी घेऊन शिकणे ही तिथली रीत. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ग्राममंगल संस्थेने ऐने परिसरात हाच धागा पुढे नेला. राज्यात अन्यत्र, फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन शिकवण्याची पद्धत बांधली. तिचा प्रभावही अनेक प्रयोगशील शाळांवर पडला.

या विषयातले सर्वांत महत्त्वाचे स्थानिक काम वाडा तालुक्यातले आहे. सोनाळे येथील क्वेस्ट ही संस्था नीलेश निमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उभी केली. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भाषांतील साक्षरतेचा जो दीर्घकालीन अभ्यास झाला, त्यात मराठीसाठी क्वेस्ट जिथे काम करते तो वाडा परिसर आणि कन्नडसाठी कर्नाटकातील यादगीर निवडले होते. पहिलीपासून तिसरीपर्यंतच्या मुलांचा तीन वर्षे माग ठेवला गेला. अहवाल २०१७ मध्ये आला. त्याचे निष्कर्ष शिक्षकाने जवळ ठेवावेत असे आहेत. वर्गात ‘लेखन’ म्हणून जे चालते त्यातला फार मोठा भाग फळ्यावरून उतरवून घेणे आणि ऐकून लिहिणे हाच असतो. स्वतःचे काही रचून लिहिण्याची संधी मुलांना क्वचित मिळते. आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य आणि त्यानंतर कधीतरी अर्थ, या क्रमात अनेक मुले अर्थापर्यंत पोचतच नाहीत. दोष शिक्षकाच्या आळसाचा नाही. त्याला स्वतःला असेच शिकवले गेले आणि पदविकेतही हेच मिळाले.

प्रशिक्षणातून नेमके काय बदलायचे, ते एका वहीवरून दिसेल. नमुन्यादाखल, अर्नाळ्याच्या बाजूचा तिसरीतला मुलगा लिहितो असे समजू : ‘बाबा राती बोटीवर गेला. आईन डबा दिला. मी झोपलो नव्हता.’ लाल पेन हाती असलेला शिक्षक चार खुणा करील : रात्री, गेले, आईने, नव्हतो. वही परत जाईल आणि मुलगा पुढच्या वेळी दोनच वाक्ये लिहील, तीही पाठ्यपुस्तकातली. ज्याला लेखन शिकवण्याची तयारी मिळाली आहे तो आधी मजकूर वाचतो. तीन वाक्यांत रात्र आहे, घरातली तीन माणसे आहेत आणि तिसऱ्या वाक्यात न सांगितलेली काळजी आहे. तो विचारतो, ‘तू का झोपला नव्हतास?’ मूल म्हणते, ‘वारा होता.’ ‘मग तेही लिही.’ शुद्धलेखन सुटत नाही. ‘राती’ आणि ‘आईन’ ही घरच्या बोलण्याची रूपे आहेत, ‘नव्हता’मध्ये क्रियापदाचा मेळ चुकला आहे, हा फरक ओळखून तो एका वेळी एकच गोष्ट शिकवतो. असा प्रश्न ऐन वेळी सुचणे हे कसब आहे. ते व्याख्यान ऐकून येत नाही. मुलांच्या खऱ्या वह्या समोर ठेवून, चार शिक्षकांनी मिळून वाचल्यावर येते.

बोलीचा प्रश्न इथे टाळता येत नाही. जिल्ह्यात इतर भागांतून आलेले शिक्षक पुष्कळ आहेत आणि वारली किंवा सामवेदी त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडते. मुलाने घरच्या भाषेत लिहिलेला पहिला मसुदा स्वीकारायचा आणि प्रमाण मराठीकडे हळूहळू न्यायचे, याला शिक्षकांचा विरोध असतो, कारण परीक्षेत प्रमाण भाषाच लागते. ही भीती खरी आहे, पण क्रम चुकतो. लिहायलाच बिचकणाऱ्या मुलाला प्रमाण भाषा शिकवण्यासाठी हाताशी काहीच उरत नाही. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यावर नालासोपाऱ्यातल्या इंग्रजी शाळांतल्या शिक्षकांपुढेही हाच प्रश्न आला आहे. यातल्या बहुतेक शाळा विनाअनुदानित असल्याने सरकारी प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत फारसे जात नाही.

माध्यमिक स्तरावर दहावीची परीक्षा सगळे ठरवते. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत : पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. घोकंपट्टीऐवजी विचार यावा म्हणून कृतिपत्रिका आणली गेली आणि तो बदल योग्यच होता. पण शिक्षकांना मिळालेले मार्गदर्शन बहुतेक वेळा आराखडा आणि गुणदान यांच्यापलीकडे गेले नाही. परिणामी मुले आता निबंधाबरोबर बातमीचाही साचा पाठ करतात.

जगात या क्षेत्रातला सर्वांत टिकाऊ प्रयोग अमेरिकेत बर्कली येथे जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये सुरू केला. त्यातून पुढे राष्ट्रीय लेखन प्रकल्प उभा राहिला. त्याची दोन तत्त्वे साधी आहेत : लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहावे आणि शिक्षकांना शिक्षकांनीच शिकवावे. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक एकत्र येतात, लिहितात, एकमेकांना वाचून दाखवतात आणि वर्गातले अनुभव तपासतात. वसईला हे परके वाटण्याचे कारण नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी अनेक वर्षे संपादित केलेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने या भागात लिहिणाऱ्यांची फळी तयार केली. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालवून वसतिगृहातल्या मुलांना रोजचे वाचन दिले होते. शाळेचे हस्तलिखित हा आपल्याकडचा जुना प्रकार आहे. त्यात मुलांचे खरे मसुदे आले, शिक्षकांचेही एखादे लेखन आले, तर तेच प्रशिक्षणाचे साहित्य होते.

अडचण वेळेची आहे आणि ती शिक्षकाच्या माथी मारून चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार उच्च प्राथमिक वर्गात ३५ मुलांमागे एक शिक्षक धरला, तरी एका वहीला पाच मिनिटे दिल्यास एका लेखनासाठी जवळजवळ तीन तास जातात. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांचा वेळही शाळेच्या याच दिवसांतून निघतो. म्हणून सगळ्या वह्यांतली प्रत्येक चूक तपासण्याची सक्ती पर्यवेक्षकांनी सोडली पाहिजे आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाआधी एक तास मुलांच्या तीन-चार वह्यांसाठी राखून ठेवला पाहिजे. केंद्रप्रमुखाने ठरवले तर हे पुढच्याच परिषदेपासून करता येईल.