नॉइझ संगीत

नॉइझ संगीत : एरवी गोंगाट म्हणून टाकून दिल्या जाणाऱ्या ध्वनींनाच रचनेचे द्रव्य मानणारा विसाव्या शतकातील संगीतप्रवाह. नियमित आंदोलनांचा ध्वनी तो नाद आणि अनियमित आंदोलनांचा तो गोंगाट, हा पाठ्यपुस्तकी भेद येथे निरुपयोगी ठरतो. यंत्रांची घरघर, ध्वनिवर्धकाची शिटी, फाटेपर्यंत चढवलेला आवाज ही याची नेहमीची सामग्री.

इटालियन चित्रकार लुइजी रुस्सोलो याने १९१३ मध्ये ‘गोंगाटाची कला’ हा जाहीरनामा लिहिला आणि कर्णे लावलेल्या पेट्यांसारखी वाद्ये बनवली. १९१४ मधील या वाद्यांच्या मिलान येथील प्रयोगात श्रोत्यांनीही भरपूर गोंगाट केला. पुढे पॅरिसमध्ये प्येर शेफेर याने १९४८ मध्ये आगगाडीच्या ध्वनिमुद्रणांतून रचना सिद्ध केली.

या संगीताला कोणत्या प्रकारात बसवायचे, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. रॉक गायक लू रीड याचा ‘मेटल मशीन म्यूझिक’ (१९७५) हा तासाभराहून मोठा, केवळ गिटारच्या फीडबॅकचा (ध्वनिवर्धकाच्या शिटीचा) ध्वनिमुद्रिकासंच. त्यात ना गाणे, ना ताल. तरीही रीडच्या नावामुळे तो रॉक म्हणूनच विकायला आला आणि रॉक ऐकायला बसलेले ग्राहक साहजिकच चिडले. टोकियोचा मासामी आकिता १९७९ पासून ‘मेर्झबाऊ’ या नावाने ध्वनिमुद्रणे काढतो. हे नाव त्याने कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताच्या टाकाऊ वस्तूंतून उभारलेल्या वास्तुशिल्पावरून घेतले. आकिताची ‘पल्स डीमन’ (१९९६) ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली ती प्रामुख्याने मेटल संगीत काढणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने. जपानी नॉइझसाठी ‘जपानॉइझ’ हे लेबलही रूढ झाले ते मुख्यतः जपानबाहेरच्या श्रोत्यांमुळे. थोडक्यात, येथे प्रकार ध्वनीवरून ठरत नाही. तो दुकानातले कपाट, कंपनी आणि गिऱ्हाईक यांवरून ठरतो.

मुळात ‘गोंगाट’ हे वर्णन नव्हे, तक्रार आहे. ऐकणाऱ्याला नको असेल तोवरच ध्वनी गोंगाट असतो. मुद्दाम पैसे मोजून ऐकला की ती संज्ञा लटकी पडते. तरीही या प्रवाहात ‘हार्श नॉइझ’, ‘हार्श नॉइझ वॉल’ अशा पोटजाती निघाल्या. त्यांच्या सीमांवर घराण्यांच्या अभिमान्यांइतक्याच हिरिरीने वाद होतात. यातील ‘वॉल’ ही पोटजात निदान प्रामाणिक आहे : आरंभ, विकास, समाप्ती काही नाही; एकच ध्वनिभिंत अखेरपर्यंत उभी.

२००२ मध्ये बर्लिनच्या त्साइटक्रात्सर या वाद्यवृंदाने ‘मेटल मशीन म्यूझिक’चे रीतसर स्वरलेखन करून ते मंचावर वाजवले; रीड त्यात स्वतः गिटार घेऊन सहभागी झाला होता.