हेलसिंकीतला अर्धा तास

सातारा-सांगलीकडे व्याख्यान संपलं की पालक हमखास थांबवतात. म्हणतात, सर, सार्वजनिक आरोग्य, किनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, क्रीडा व्यवस्थापन, असल्या पदव्या घेऊन पोरांनी करायचं काय? आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. नोकऱ्यांचा हिशेब आम्हाला जमत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरात सापडतं.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ऑलिंपिकमध्ये उतरले. लाल मातीत घडलेला हा मल्ल मॅटच्या कुस्तीला नवखा होता, तरी सहावा आला. माती बदलली की पायाची पकड, तोल, डाव टाकण्याची वेळ, सगळंच बदलतं. हे का बदलतं, ते शोधणं म्हणजेच किनेसिऑलॉजी. खाशाबांना ते स्वतःच्या अंगावर शिकावं लागलं.

१९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. हेलसिंकीत एक दमछाक करणारी लढत संपते न संपते, तोच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावणं आलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगानं उतरले आणि हरले.

कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं. त्या पदकाचा आपल्याला अभिमान आहेच. पण तो न मिळालेला अर्धा तासही आपण लक्षात ठेवला पाहिजे. क्रीडा व्यवस्थापन म्हणजे दुसरं काय हो? खेळाडूच्या वतीनं नियम माहीत असलेला माणूस वेळेवर हजर असणं.

आता सार्वजनिक आरोग्य. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभं केलं, वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. रुग्णालय आजारी माणसाला बरं करतं. गाव आजारीच पडू नये, हे बघणं वेगळं काम. आपल्याकडे त्यातलं थोडं काम तालमींनी केलं, पण तालमीचा उंबरा मुलींना फार काळ बंद होता. पदवीच्या वर्गाला तसा उंबरा नाही, हे आम्हाला मोलाचं वाटतं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, हेही विसरू नका.

शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी देणारं कॉलेज ग्वाल्हेरला १९५७ साली निघालं. हेलसिंकीनंतर पाच वर्षांनी.

तेव्हा पालकहो, पोरांनी करायचं काय, असं विचारता ना? पुढचा खाशाबा थकून उभा असेल, तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहायचं.