पाटी तीच, मालक दुसरा

माझं बालपण परळला, बैलघोडा हॉस्पिटलच्या परिसरात गेलं. सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ते धर्मादाय इस्पितळ. 'जनावरांच्या दवाखान्याचा मालक कोण?' हा प्रश्न तिथे कधी पडलाच नाही. तो पडला इथे, इंग्लंडमध्ये, आमच्या मोत्यामुळे.

आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याला तिथल्या डॉक्टरांचंच नाव होतं. ते निवृत्त झाले. पाटी तीच राहिली. पण मोत्याच्या दातांच्या उपचाराचं बिल पाहून माझे डोळे पांढरे झाले. चौकशी केली तेव्हा कळलं, दवाखाना केव्हाच एका मोठ्या कंपनीने घेतला होता.

मग थोडा इतिहास चाळला. १८४४ साली राजसनद मिळून रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स स्थापन झालं आणि पशुवैद्यकीला स्वतंत्र व्यवसायाचा मान मिळाला. पुढे १९६६ चा कायदा आला. त्यात नोंदणी आणि शिस्त आहे ती डॉक्टरांसाठी, दवाखान्याच्या मालकासाठी नाही. त्या काळी मालक आणि डॉक्टर बहुधा एकच असत. चुकलं तर जाब विचारायलाही एकच माणूस. त्यामुळे ही उणीव जाणवली नाही.

१९९९ मध्ये मालकीवरचे निर्बंध उठले. पशुवैद्य नसलेल्यांनाही दवाखाने घेता येऊ लागले. यात सगळंच वाईट होतं असं नाही. निवृत्त होणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं, भांडवल नसलेल्या तरुण डॉक्टरांना नोकरी मिळाली. पण २०१३ साली सुमारे १० टक्के दवाखाने मोठ्या समूहांकडे होते, ते दहाच वर्षांत जवळजवळ ६० टक्के झाले!

२०२३ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने या धंद्याकडे लक्ष वळवलं, तेव्हा ५६ हजारांवर प्रतिसाद आले. २०२४ मध्ये रीतसर चौकशी सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ च्या तात्पुरत्या निर्णयात दरपत्रक जाहीर करा, दवाखाना कोणत्या समूहाचा ते सांगा, असे उपाय सुचवले गेले. नियम डॉक्टरांपुरते न राहता व्यवसायालाही लागू व्हावेत, हाही मुद्दा पुढे आला.

आमचे नवे डॉक्टर मनाने चांगलेच आहेत. पण दर ते ठरवत नाहीत, आणि जे ठरवतात त्यांना मोत्या ठाऊक नाही. म्हणून सांगतो, पुढच्या खेपेस दवाखान्यात गेलात, की पाटीवर विसंबू नका. मालक कोण, हे जरूर विचारा.