डोक्यावरची वाट

भगिनींनो, मंडळाच्या वाढदिवसानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मीही काही लिहावे, असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. स्वयंपाक आणि रांगोळी यांपलीकडे मी काय लिहिणार? पण दर गुरुवारी आपले भजन चालू असता विमान येते. पेटीवरचे बोट तसेच राहते आणि अभंगाचा चरण अर्ध्यावर धरून आपण सगळ्याजणी वर बघत बसतो. विमान गेले की पुन्हा तिथूनच उचलतो. हे विमान आपल्या पार्ल्याच्याच डोक्यावरून का जाते, आणि पूर्वी ते कुठून जात असे, असा प्रश्न मनात आला. सासूबाईंच्या आठवणी, वाचनालयातली पुस्तके आणि थोरल्या मुलाने समजावून सांगितलेल्या गोष्टी, यांतून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते.

मुंबईच्या विमानांची पहिली वाट समुद्राकाठची होती. १९२८ साली जुहूला विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथे उतरले. पण जुहूची जमीन सखल. पावसाळ्यात तिथे पाणी भरे, म्हणून टाटांना सारा पसारा उचलून पुण्याला न्यावा लागे. म्हणजे मुंबईच्या विमानांची वाट प्रथम बदलली ती आपल्या पावसानेच!

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला तळ उभारला. पुढे १९४८ च्या सुमारास प्रवासी विमाने जुहू सोडून तिकडे गेली. दोन्ही विमानतळ इतके जवळ की वैमानिकांचीही फसगत होई. १९५३ साली कॉमेट नावाचे ब्रिटिश जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले, आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका जपानी विमानानेही तीच चूक केली. सुदैवाने दोन्ही वेळा कोणाचा जीव गेला नाही.

सासूबाई १९६६ साली लग्न होऊन पार्ल्यात आल्या. तेव्हा विमान आले की मुले अंगणात धावत. सासूबाईही हातातले तांदूळ तसेच ठेवून दारात येत. त्याच्या आधीच, १९६० साली, एअर इंडियाकडे जेट विमाने आली होती. १९७१ साली जंबो आले. "जंबो आले आणि फडताळातले कप आपोआप वाजू लागले," असे त्या सांगतात. कौतुक सरले आणि सवय सुरू झाली ती तेव्हापासून. पुढे विमाने वाढतच गेली. २०१८ साली तर एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली.

आता वाट कोण ठरवते ते सांगते. आपल्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. मोठी पूर्व-पश्चिम आहे, दुसरी तिरकी. विमानाला उतरताना आणि चढताना वारा समोरून लागतो. आपल्याकडे बहुतेक काळ वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमाने घाटकोपरच्या बाजूने उतरतात आणि आपल्या डोक्यावरून जुहूच्या समुद्राकडे निघून जातात. वारा फिरला की सगळे उलटे होते. मग आपल्याकडे चाके काढलेली विमाने खाली येताना दिसतात.

मोठी धावपट्टी बंद पडली, तर तिरकीवर काम चालते आणि कुर्ला व अंधेरी-वर्सोवा यांच्या वाट्याला आवाज जातो. नोव्हेंबर १९ ते मार्च २० या काळात, म्हणजे २०१९-२० च्या हिवाळ्यात, मोठ्या धावपट्टीची दुरुस्ती दिवसा चालली होती. त्या दुपारी मी गच्चीवर पापड वाळत घालून निवांत पडत असे. वाटे, देवाने ऐकले! एकदा सहज कुर्ल्याच्या बहिणीला फोन केला. तिच्या सुनेचे बाळ तेव्हा दोन महिन्यांचे. ती म्हणाली, "ताई, अगं डोळा लागतो न लागतो तोच विमान येते. बाळ दचकून उठते." मला माझ्या झोपेची लाज वाटली. आवाज कमी झाला नव्हता. माझ्या छपरावरून उठून तो तिच्या छपरावर जाऊन बसला होता. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत विमाने थांबली, तेव्हाच आम्ही दोघी बहिणी एकाच वेळी शांत झोपलो. पण ती शांतता भीतीची होती.

या वाटेवर दुःखही घडले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे जंबो उड्डाणानंतर थोड्याच वेळात वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरला एक लहान विमान पडले. त्यात विमानातल्या चौघांबरोबर रस्त्याने जाणारा एक पादचारीही गेला.

म्हणूनच विमानाच्या वाटेखाली घरे किती उंच असावीत याचे नियम आहेत. मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून साठ मीटर सोडले की तिथून एक न दिसणारी चढण सुरू होते. पन्नास मीटर पुढे जावे तेव्हा ती एक मीटर वर चढते. अर्ध्या किलोमीटरवरच्या घराला हिशेबाने जेमतेम नऊ मीटर उंची मिळते, म्हणजे फार तर तीन मजले. या पट्ट्याला फनेल म्हणतात, म्हणजे आपले तेल ओतायचे नरसाळेच.

या नरसाळ्यात आपली घरे आली. आमची इमारत तीन मजली आणि साठ वर्षांपुढची. पावसाळ्यात जिन्याला टेकू लावतो. जेवणाच्या ताटात प्लास्टर पडले तो दिवस मी विसरलेले नाही. बिल्डर तीनदा येऊन हिशेब करून गेले. जास्तीचे मजले विकून त्यांचा खर्च निघतो आणि इथे जास्तीचा मजला चढवताच येत नाही. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणी याच कारणाने डोंबिवलीला, विरारला गेल्या. आज हळदीकुंकवाला त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. वर बसलेल्या माणसांच्या जिवासाठी तो आहे. पण सगळ्या शहराच्या सोयीचे ओझे काही मोजक्या छपरांनीच वाहावे, आणि ती छपरे पडू लागली तर कोणी विचारू नये, हे काही न्यायाचे नाही.

आता वाट पुन्हा बदलते आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावांना आपली घरे सोडावी लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. माझ्या वन्सं उलव्यालाच राहतात. त्या नातवाला कडेवर घेऊन विमाने दाखवतात आणि मला फोनवर मोठ्या हौसेने सांगतात. ते ऐकताना मला १९६६ सालच्या सासूबाई आठवतात. त्यांच्या आनंदावर विरजण घालवत नाही. एवढेच म्हणते, "वन्सं, कोणत्या वेळी किती विमाने जातात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा."

भगिनींनो, तुम्हांलाही तेच सांगणे. वाटा ठरवणारे नकाशे पाहून ठरवतात. त्या वाटेखाली कोणाचे बाळ दचकले आणि कोणाचा जिना टेकूवर आला, हे नकाशात दिसत नाही. ते आपण लिहिले तरच कोणाला कळेल. म्हणून हा माझा पहिला प्रयत्न. चुकले-माकले पदरात घ्यावे.