शितावरून भात

बँकेत नोकरी करणाऱ्याचं अक्षर चांगलं असू नये. माझं आहे. त्यामुळे निरोप समारंभाचं मानपत्र, फळ्यावरचा सुविचार आणि 'मशीन बंद आहे' ही पाटी, तिन्ही खाती माझ्याकडेच. हेड ऑफिसने जनसंपर्काच्या कामासाठी प्रत्येक शाखेतून एक माणूस मागवला, तेव्हा साहेबांनी मान वर न करता माझं नाव लिहिलं. पगारात फरक नाही. दोन दिवसांचं शिक्षण आणि दुपारचं जेवण.

जनसंपर्क म्हणजे हसतमुखाने नमस्कार करणं, अशी माझी समजूत. पण शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'संशोधन पद्धती'. म्हणाल्या, लोकांना काही सांगण्याआधी त्यांना काय वाटतं ते शोधा, आणि त्यासाठी नमुना निवडा. बी. कॉम. होऊन इतकी वर्षं बँकेत काढली, पण मला एकच नमुना ठाऊक होता, नमुना सही. संध्याकाळी हे घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, "निवडायचा कशाला? मला न निवडताच मिळालाय."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बाईंनी १९३६ सालची गोष्ट काढली आणि मी डुलकी अर्ध्यावर सोडून सरळ बसलो.

अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाचं वजनदार साप्ताहिक होतं. अध्यक्षपदी कोण येणार हे लोकांना टपालाने विचारून ते आधीच छापायचं, आणि १९१६ पासून ते दर वेळी खरं ठरत आलेलं. १९३६ साली रूझवेल्ट विरुद्ध लँडन असा सामना होता. डायजेस्टने तब्बल एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. एक कोटी! आमच्याकडे तीनशे नोटिसा पाठवायच्या तर पाकिटं चिकटवून शिपाई दोन दिवस कोणाशी बोलत नाही. परत आल्या चोवीस लाखांच्या आसपास. छापून आलं, लँडनना ५७ टक्के मतं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी घेतली. लँडनच्या पदरात मेन आणि व्हरमाँट ही दोनच. १९३८ साली डायजेस्टचं दुकान बंद झालं.

चुकलं कुठे? पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या पुस्तकातून आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून घेतलेले. दिवस मंदीचे. ज्याच्या घरात फोन आणि दारात गाडी, त्याने रूझवेल्टवर खार खाऊन असण्याचा संभव जास्त. शिवाय ज्यांनी उत्तरच धाडलं नाही, त्या पाऊण कोटी लोकांच्या मनात काय आहे, हे कोणी पाहिलंच नाही. हे दुसरं कारणही पहिल्याइतकंच मोठं होतं, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं.

त्याच वेळी जॉर्ज गॅलप या गृहस्थाने पन्नासेक हजार लोकांना विचारून सांगितलं, येणार रूझवेल्ट. वर डायजेस्ट साधारण किती चुकेल तेही आधीच जाहीर केलं. (असला सहकारी टेबलाशेजारी नसावा.)

माझी आजी म्हणाली असती, यात नवीन ते काय? शितावरून भाताची परीक्षा! पण ती आधी पळी तळापर्यंत घालून पातेलं हलवायची, मग शीत चिमटीत धरायची. डायजेस्टने शितं लाखांनी उचलली, पण सगळी वरवरची. गॅलपचाही भात १९४८ साली कच्चा निघाला. ड्यूई येणार म्हणून त्याने विचारपूस लवकर आवरती घेतली, आणि आले ट्रूमन. पातेलं घाईने उतरवलं, दुसरं काय.

आणि एक बर्नेज. फ्रॉइडचा भाचा आणि जनसंपर्काच्या धंद्यातला आद्य पुरुष. बेकन म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस विकणाऱ्या कंपनीसाठी त्याने डॉक्टरांना विचारवलं, की न्याहारी हलकी बरी का भरपेट? बहुतेकांनी भरपेट म्हटलं. झालं, वर्तमानपत्रांत डॉक्टरांचं मत आणि त्याला लागून बेकन. याला संशोधन म्हणतात? आमच्याकडे याला पत्रिका जुळवून आणणं म्हणतात.

हसलो खरा, पण मग आमचाच फॉर्म आठवला. 'आमची सेवा आपणांस कशी वाटते? (अ) समाधानकारक (ब) उत्तम (क) अत्युत्तम.' अक्षर माझंच. फॉर्म काउंटरवर, पेन दोरीला बांधलेलं, दोरी आखूड. बेचाळीस फॉर्म आले, बेचाळीसही समाधानी. साहेबांनी पेढे मागवले होते. मी दोन खाल्ले.

पहिल्या तारखेला पेन्शनच्या दिवशी खाली उतरून उभा राहिलो. आमची शाखा पहिल्या मजल्यावर. पहिल्याच पायरीवर एक आजी पासबुक मांडीवर घेऊन बसलेल्या.

"वर येत नाही का, आजी?"

"गुडघे गेले बाळा. शेजारचा मुलगा स्लिप घेऊन गेलाय. दर खेपेला वीस रुपये घेतो."

"किती दिवस झाले असं?"

"चौथं वर्ष."

अहवालात मी एवढंच लिहिलं, बेचाळीस समाधानी, पण ते जिना चढून आलेले. साहेबांनी चष्मा काढला.

"ही बाई आपल्या नमुन्यात बसते का?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "पायरीवर बसते."