डिपॉझिट : गुन्ह्यापासून करारापर्यंत

देवनारला १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे. चेंबूरमध्येच विवेकानंद एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालयं आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेली मुलं तिघं-चौघं मिळून आसपास फ्लॅट घेतात आणि डिपॉझिट वाटून भरतात. शिक्षण संपल्यावर ते परत मिळणं इतकं अवघड का, याचं उत्तर भाडेकायद्याच्या जुन्या-नव्या कलमांत सापडतं.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १८ नुसार भाडेपट्टा देताना कायद्याने ठरवलेल्या प्रमाण भाड्याखेरीज पागडी किंवा डिपॉझिट घेणं हा गुन्हा होता. शिक्षा तुरुंगवासाची, शिवाय घेतलेल्या रकमेहून कमी नसेल एवढा दंड. पण बहुतेक जुन्या घरांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेलं होतं. त्यामुळे पागडी बंद झाली नाही, ती पावतीविना घेतली जाऊ लागली. भाडेकरूचे हक्क टाळण्यासाठी मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’कडे, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी नुसत्या राहण्याच्या परवानगीच्या कराराकडे वळले. १९७३ मध्ये विधिमंडळाने कलम १५-अ आणून १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. जागा कायमची अडकेल, ही मालकांची धास्ती त्यानंतर वाढली.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. जे घेणं पूर्वी गुन्हा होता, तेच कलम ५६ ने कायदेशीर केलं. कलम २४ ने मालकाला लायसन्सची मुदत संपल्यावर घर ताब्यात घेण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय दिली, आणि घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल करण्याचा हक्कही. डिपॉझिट किती घ्यावं आणि किती दिवसांत परत द्यावं, याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. मालकाला घरासाठी खास वाट मिळाली. विद्यार्थ्याला आपल्याच पैशांसाठी दिवाणी दाव्याची लांबलचक वाट उरली.

त्याच्या हाती एक भक्कम आधार आहे: कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं. ते चूक असल्याचं मालकाने सिद्ध करायचं. नोंदणी झाली असेल तर डिपॉझिटचा आकडा मुद्रांक शुल्काच्या हिशोबातच येतो. समजा, भाडं ३०,००० रुपये, मुदत ११ महिने आणि डिपॉझिट १ लाख. तर ३,३०,००० रुपये भाडं, त्यात डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराने ११ महिन्यांचं व्याज ९,१६७ रुपये, आणि या बेरजेच्या ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे ८४८ रुपये शुल्क. सरकार ज्या रकमेचं व्याज धरून शुल्क घेतं, ती रक्कम मालकाला नंतर नाकारता येणं कठीण.

म्हणून सगळ्या मुलांची नावं करारात असावीत, पैसे बँकेतून जावेत, रंगरंगोटीची कपात आणि परतीची तारीख आधीच लिहून घ्यावी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच आहे आणि कपात वजा जाता ते ताबा देतानाच परत करायचं आहे. पण तो केवळ नमुना, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तोवर मालकाला घर परत मिळवून देणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्यालाच डिपॉझिट परत करवून घेण्याचा अधिकार द्यावा. कलम २४ ला जोडलेलं एक पोटकलम त्यासाठी पुरेल.